पहिल्या रविवारी बावीस, सहाव्या रविवारी तिघं : वाचनालयाचे स्वयंसेवक टिकवायचे कसे?

पेठकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, पण आधी थोडं सांगून घेतो, नाहीतर "बॅनर लावा, रील टाका" असलं काहीतरी सुचवाल. ते सगळं करून झालंय.

आमच्या पेठेत एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. नाव घालत नाही, कोल्हापूर केवढं ते आपल्याला माहीत आहे आणि कार्यकारिणीतले दोघं इथं वाचतात. पुस्तकं अकरा हजारांच्या आसपास. पगारी माणसं दोन, ग्रंथपाल मॅडम आणि एक शिपाईमामा. अनुदान हप्त्यानं येतं, आणि येईपर्यंत मॅडमचा पगारही थांबलेला असतो. जादा माणूस ठेवायचा विषयच नाही. म्हणून आम्ही सात-आठ वाचकांनी मिळून एक मदतगट काढला. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, नुसता व्हॉट्सॲप ग्रुप.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला बावीस जण आले. फोटो निघाले, चहा-भडंग झालं, दोन कपाटांची धूळ झटकली. दुसऱ्या रविवारी चौदा. मग नऊ. परवा सहाव्या रविवारी तिघं : मी, एक निवृत्त बँकवाल्या काकू आणि बारावीतला एक पोरगा. पोराला त्याची आई पाठवते, मोबाइल हातातून सुटावा म्हणून. तोही जाताना विचारून गेला, "काका, अजून किती रविवार?"

ग्रुपवर मात्र ६१ जण आहेत. "उद्या कोण कोण येणार?" असं टाकलं की एकवीस अंगठे पडतात. अंगठे वर, माणसं घरी.

काय चुकतंय?

---

तांबडा_पांढरा

रविवार सकाळ दहा.

भावा, कोल्हापुरात राहतोस ना? त्या वेळेला अर्धं गाव मटणाच्या दुकानापुढं रांगेत असतंय आणि उरलेलं अर्धं घरात कांदा-खोबरं भाजत असतंय. तू त्या वेळेला धूळ झटकायला बोलवतोयस.

---

पेठकरी

😄 हसलो, पण काकू वाचून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी शाकाहारी आहे म्हणून येते."

---

कळंब्याची_सून

हसण्यावारी नेऊ नका. मी पहिल्या रविवारी आलेल्या त्या बावीस जणांत होते. (तुमच्या वर्णनावरून ओळखलं. भडंग छान होतं.) दुसऱ्या रविवारी आले नाही, कारण रविवारी घरात सगळे असतात. सासरे, दीर, मुलं, कधी पाहुणे. सकाळी दहा ते बारा बाहेर पडायचं म्हणजे घरात चारदा खुलासा. मला गुरुवारी दुपारी दोन ते चार मोकळी वेळ असते. पण ग्रुपवर कुणी विचारलंच नाही की कुणाला कधी जमतं. सरळ फर्मान आलं, "रविवारी दहा वाजता, वेळेवर यावे."

आणखी एक, राग मानू नका. त्या दिवशी मला जे कपाट दिलं होतं ते मी पुसलं, पुस्तकं परत लावली. मग कुणीतरी दादा आले आणि तेच कपाट पुन्हा पुसायला लागले. म्हटलं, आपलं इथं काही अडत नाही.

---

पेठकरी

ताई, ते दादा बहुतेक मीच. माफ करा.

---

निवृत्त_ग्रंथपाल

तीस वर्षं या कामात काढली, त्यातली शेवटची अकरा कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका वाचनालयात. थोडं लांब लिहितो.

वेळेचं ते ठीक आहे, बदला. पण धागाकर्त्यांनी पगारी माणसं दोन असं लिहून पुढं त्यांच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. रविवारी दहाला बावीस माणसं आली तेव्हा ग्रंथपाल मॅडम कुठं होत्या? त्यांची सुट्टी होती की त्यांना बोलावलं होतं? कपाटांच्या चाव्या कुणाकडे होत्या?

आमच्याकडे घडलेलं सांगतो. काही उत्साही मंडळी दिवाळीच्या सुट्टीत मदतीला आली. मी दोन दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर कथा-कादंबऱ्यांचा विभाग इतका देखणा दिसत होता की काय सांगू. सगळी पुस्तकं उंचीनं लावलेली! मोठी डावीकडे, लहान उजवीकडे, एकाच मालेतली एका रंगाची शेजारी शेजारी. बोधांकाच्या, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणाऱ्या आकड्याच्या, चिठ्ठ्या कण्यावर होत्या, त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. हे सगळं एकत्र कालवलं गेलं होतं. पुन्हा जागेवर लावायला मला आणि लिपिकाला सहा दिवस लागले. मी त्या मंडळींना काही बोललो नाही, सभ्यपणा म्हणून. फक्त त्यानंतर कपाटांना कुलूप घालायला लागलो. ती माणसं दोन-तीनदा आली, कुलूप बघून गेली, मग आलीच नाहीत. गावात बोलणं झालं, "ग्रंथपाल माणसांना टिकू देत नाही."

खोटं नव्हतं ते.

पण त्याच्या मागची गोष्ट कुणाला माहीत नव्हती. त्या दिवाळीनंतरच्या बैठकीत एक संचालक मला सर्वांदेखत म्हणाले होते, "बघा, लोक फुकट एवढं करतात. मग आपण पगार कशाचा देतो?" आमचा पगार तो काय, सांगायला लाज वाटावी एवढा. अनुदानातून मिळणार, तोही उशिरा. त्यावरही फुकटची माणसं उभी करायची म्हटल्यावर कुठला ग्रंथपाल हौसेनं चावी काढून देईल?

तेव्हा आधी मॅडमशी बोला. देवघेव, वर्गणी, दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ती) या त्यांच्या कामांना गटातलं कुणी हात लावणार नाही, हे कार्यकारिणीसमोर सांगा आणि बैठकीच्या वृत्तान्तात लिहून घ्या. मग मॅडमनाच विचारा, तुमच्याच्यानं होत नाही असं कोणतं काम वर्षानुवर्षं पडून आहे? बघा, यादी त्यांच्या डोक्यात तयार असेल.

---

पेठकरी

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मॅडम रविवारी नसतात. चावी शिपाईमामा आणून देतात आणि बारा वाजता दारात उभे राहतात. आम्हाला वाटायचं, आळस आहे. त्यांचीही रविवारची सुट्टी आम्ही खात होतो हे डोक्यातच आलं नाही.

---

पंचगंगाकाठ

माझा अनुभव उलटा आहे, म्हणजे माणसं कमी पडण्याचा नाही, जास्त होण्याचा. ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतंय. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. आमच्या भागातलं वाचनालय तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर आतून उघडेना, पुस्तकं फुगून कपाटातनं बाहेर आली होती आणि दारामागं चिखलात पडली होती.

चार दिवस माणसांची रीघ लागलेली. तालमीची पोरं, कॉलेजच्या मुली, शेजारच्या गल्लीतल्या बायका, ज्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता त्याही. कुणाला बोलवावं लागलं नाही. कारण काम डोळ्यांना दिसत होतं आणि ते संपणार होतं. हातगाडी भरली, रिकामी झाली, एक खोली झाली.

त्या वेळेला एक ताई आल्या होत्या, त्यांना ओल्या पुस्तकांचं कळत होतं. पोरांनी पुस्तकं उन्हात पसरायला सुरुवात केलेली. त्यांनी थांबवलं. उन्हात कागद वाकडा होतो, पुठ्ठा तडकतो. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं जराशी उघडी ठेवायची. मधे मधे टीपकागद, तो नसेल तर कोरा कागद, आणि तो भिजला की बदलायचा. गुळगुळीत कागदाची, चित्रांची पुस्तकं आधी घ्यायची, कारण ती वाळली की वीट होते, पानं सुटत नाहीत. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून घाई. तिथल्या तिथं त्यांनी सहा पोरांना कागद बदलायला बसवलं. प्रत्येकाच्या वाट्याला वीस पुस्तकं.

पाचव्या दिवशी गर्दी गेली. ते साहजिक आहे, त्याचं दुःख नाही. पण त्या सहांतले तिघं आजही वाचनालयात येतात. बाकी हातगाडी ओढणाऱ्या शंभरांतलं कुणी नाही. मी बरेच दिवस विचार करत होतो हे असं का. त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, "मामा, माझी वीस पुस्तकं जगली का नाही ते बघायला यायचो. मग सवय लागली."

---

मिरजकर_तिकटी

वरचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो.

---

एनएसएसवाली

मी त्या "सहीसाठी येणाऱ्या" जमातीतली, म्हणून बोलते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आम्हाला वाचनालयात पाठवलं की लोक आमच्याकडे असं बघतात, जणू आम्ही जेवणाच्या पंगतीत फुकट घुसलोय. "तास भरायला आलीत होय?" हो, भरायलाच आलो. त्यात गैर काय?

पहिल्या वर्षी एका ठिकाणी आम्हा बारा जणींना एका खोलीत बसवून जुन्या मासिकांचे गठ्ठे "नीट करा" म्हणून सांगितलं. नीट म्हणजे काय, कुणी सांगितलं नाही. आम्ही वर्षाप्रमाणे लावले. मग एक काका आले, म्हणाले नावाप्रमाणे लावा. लावले. पुढच्या आठवड्यात ते गठ्ठे जागेवर नव्हतेच, रद्दीत गेले होते. त्या दिवसापासून आम्ही सही घेऊन खासबागेत भेळ खायला जायचो.

दुसऱ्या वर्षी दुसरीकडे गेले. तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी मला मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट दिलं आणि म्हणाल्या, "हे तुझं. महिन्यानं मला सांग यातलं कुठलं पुस्तक पोरं नेतात आणि कुठलं नेत नाहीत." बस्स, एवढंच. मी वही केली. कळलं की खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकंच जातात, वरच्या फळीपर्यंत पोरांचा हातच पोहोचत नव्हता. चांगली पुस्तकं वर, मळकी खाली. मी अदलाबदल केली. माझे तास डिसेंबरात भरले. मी एप्रिलपर्यंत जात होते.

---

जुना_सभासद

कुणीतरी इतिहासही सांगायला हवा. करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात १८५० सालची. आणि आपल्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली ग्रंथालय कायदा केला, तेव्हा देशात दुसरीकडे कुठं असा कायदा नव्हता. मद्रासचा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. शाहू महाराजांनी जातीजातींची बोर्डिंगं काढून खेड्यातली पोरं इथं शिकायला आणली, त्या गावात आज वाचनालयात धूळ झटकायला माणूस मिळू नये? तरुणांना हे सांगितलं पाहिजे.

---

तांबडा_पांढरा

काका, सांगा की. पण "१९४५ चा कायदा आपला" हे ऐकून पोरगं "नाद खुळा" म्हणतंय आणि घरी जातंय. धुळीचा फडका कुठं ठेवलाय ते आधी सांगा.

---

जुना_सभासद

फडका कुठं ठेवलाय ते मलाही माहीत नाही हे कबूल करतो.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

कुणी उघड बोलत नाही ते मी बोलतो. स्वयंसेवक टिकत नाहीत याचं एक कारण कार्यकारिणीला ते टिकायला नको असतात.

बघा, सहा महिने माणूस नियमित येतो. मग तो वर्गणी भरून सभासद होतो. मग वार्षिक सभेला येतो. मग विचारतो, "पुस्तक खरेदीची यादी कोण करतं?" आणि दोन वर्षांनी निवडणुकीत त्याच्यामागं वीस मतं असतात. जे लोक पंधरा-वीस वर्षं त्याच खुर्च्यांवर आहेत त्यांना हे आधीच दिसतं. म्हणून नव्या माणसाला चहा मिळतो, हार मिळतो, काम मिळत नाही. माझ्याबरोबर झालंय. कुठल्या संस्थेत ते विचारू नका.

---

निवृत्त_ग्रंथपाल

आठवी गल्ली, यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही बघितली आहे. मदतगट काढून सहा महिन्यांत पॅनेल उभं करणारेही असतात, आणि मग खरे मदतनीस दोन्हींच्या मधे भरडतात. म्हणून म्हणतो, गटानं सुरुवातीलाच सांगावं की गटातलं कुणी गटात असेपर्यंत निवडणूक लढवणार नाही. कार्यकारिणीचा निम्मा संशय तिथंच मिटतो.

आणि हो, येत्या १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. तुम्ही स्वयंसेवकांचे सत्कार करता. तुमच्या मॅडमना त्या दिवशी कुणी कधी एक फूल दिलंय का?

---

बाइंडरची_नात

माझे आजोबा बाइंडिंग करायचे, तेवढ्यावर बोलते. माणसांना काहीतरी शिकायला मिळालं की ती येतात. धूळ झटकण्यात शिकण्यासारखं काय आहे? पण फाटकं पुस्तक शिवणं जमलं की माणूस घरी जाऊन दाखवतो.

मी एका शाळेत करून बघितलं. खळ घरीच शिजवायची. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की झाली. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. (मोरचूद विषारी आहे. घरातलं भांडं वापरू नका, मुलांच्या हाती देऊ नका, हात धुवा.) सुटलेल्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावायची नाही. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. पातळ कागदाची बारीक पट्टी खळीनं लावायची, वर वजन ठेवायचं, रात्रभर.

पहिल्या दिवशी आठ जण होते. एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांचा हात इतका बसला की आता त्यांनी मला चुका दाखवायला सुरुवात केलीये.

---

उपनगरी

फुलेवाडीतनं लिहितोय. सगळे पेठेतल्या वाचनालयाचं बोलताय. आमच्याकडं ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, एक वाचनालय आहे, एका खोलीचं, एकच माणूस. तो आजारी पडला की कुलूप. आमच्यासारख्याला बावीस माणसं नकोतच. अडीनडीला दार उघडणारी विश्वासाची दोन माणसं पुरेत. ती कशी मिळवायची?

---

निवृत्त_ग्रंथपाल

मिळवायची नाहीत, ओळखायची. तुमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारा आणि जाताना खुर्ची आत सारून जाणारा एक तरी माणूस असेल. त्याला विचारा. जाहिरात देऊन येणारा तो नव्हे.

---

कळंब्याची_सून

🙏 खुर्ची आत सारणारा! आमच्या सोसायटीत पण हीच परीक्षा लावते आता.

---

पेठकरी (साडेसात आठवड्यांनी)

बरेच दिवस लिहिलं नाही. काहींनी विचारलं म्हणून काय झालं ते सांगतो.

रविवार बंद केला. मॅडमशी बोललो. म्हणजे मी आणि काकू गेलो, मी बोलायला लागलो आणि काकूंनी मला गप्प केलं. त्यांनी मॅडमना सांगितलं, "आम्ही तुमचं काउंटर बघणार नाही, वर्गणी घेणार नाही. तुम्हाला कशाचा त्रास होतो ते सांगा." मॅडम आधी "तसं काही नाही" म्हणाल्या. मग उठल्या, मागच्या खोलीचं दार उघडलं. आत खोकी. पंधरा-सोळा वर्षांत लोकांनी भेट दिलेली पुस्तकं, दाखल न झालेली. म्हणाल्या, "हे बघवत नाही मला. निवडून द्या फक्त. फाटकी वेगळी, दुबार वेगळी, कामाची वेगळी. नोंद मी करीन."

कार्यकारिणीनं लेखी द्यायला दोन बैठका घेतल्या. एक सद्गृहस्थ म्हणाले, "मदत करणाऱ्यांना अटी कसल्या?" पण झालं. निवडणुकीचंही लिहून दिलं. त्यावर एकानं गट सोडला. का सोडला ते तुम्ही समजून घ्या.

आता आम्ही सात जण आहोत. ग्रुप मोडला, ६१ जणांचा. सात जणांचा नवा केला, त्यात सुप्रभात टाकायला बंदी. मंगळवार संध्याकाळ आणि गुरुवार दुपार. कळंब्याची सून गुरुवारी येतात, त्यांच्या खोक्याला दुसरं कुणी हात लावत नाही. मी तर नाहीच. प्रत्येकाचं खोकं ठरलेलं, त्यावर नाव. एकवीस खोकी झाली, तीसेक राहिली असतील. एका खोक्यात तळाशी १९३८ सालची एक पाककृतींची वही निघाली, हातानं लिहिलेली, पानाच्या कडेला तेलाचे डाग. मॅडमनी ती कपाटात ठेवली नाही, टेबलाच्या खणात ठेवलीये. रोज थोडी वाचतात.

१२ ऑगस्टला काकूंनी मॅडमना चाफ्याची फुलं दिली. मॅडमना कळेना काय करावं. त्यांनी ती पाण्याच्या ग्लासात घालून काउंटरवर ठेवली आणि शिपाईमामांना म्हणाल्या, पंखा बारीक करा.

बारावीतला पोरगा गेला, क्लास सुरू झाला. त्याला मी थांब म्हटलं नाही. दिवाळीनंतर बघू.

एक अडचण आहे. फाटक्यांचा ढीग दोनशेच्या वर गेलाय. बाइंडरची नात, एक मंगळवार याल का? खळ आम्ही शिजवून ठेवतो. मैद्याचं प्रमाण मात्र सांगा, काकूंनी एकदा करून बघितली तर तिची चकली झाली.

---

बाइंडरची_नात

येते. एक वाटी मैद्याला सहा वाट्या पाणी. आणि काकूंना म्हणावं, ढवळणं थांबवायचं नाही, फोन आला तरी. कंडक्टर काकांना घेऊन येऊ का? त्यांना शिकवायला फार आवडतं, फक्त पुस्तक हातात दिल्यावर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात.

---

तांबडा_पांढरा

मंगळवारी मला पण जमतंय. पुस्तक शिवता येत नाही, पण वजन ठेवायला माणूस लागला तर मी ९४ किलो आहे.